शैवालबहर (भोर-वेल्हे ते कोकण किनारा)

पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले, ऊन मिळाले, प्रवाह संथ झाला की सूक्ष्म शैवाले व नीलहरित जीवाणू बेसुमार वाढतात आणि पाण्याला हिरवा, तांबूस किंवा तपकिरी रंग चढतो. हाच शैवालबहर. तो विषारी असला किंवा पाण्यातला प्राणवायू संपवू लागला, तर घातक ठरतो.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांना किनारा नाही. पाणी मात्र इथूनच पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या अशा दोन्ही समुद्रांकडे निघते. वरंधा घाटाच्या पश्चिम उतारावरचा पाऊस सावित्रीवाटे बाणकोटच्या खाडीत उतरतो. पूर्वेकडचा नीरा-देवघर धरणात साठून नीरेतून भीमेला मिळतो. वेल्ह्यातील पानशेत व वरसगाव धरणांचे पाणी खडकवासल्यातून पुण्याला जाते, सांडपाणी होऊन मुळा-मुठेत येते आणि भीमेवाटे उजनीत साठते. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणातले पाणी उन्हाळ्यात हिरवे पडते. डोंगरातून स्वच्छ निघालेल्या पाण्याची ही गत शहराने केली आहे; शेतातून वाहून येणारी खते तिच्यात भर घालतात. सोलापूर शहर हेच पाणी पिते, म्हणून हा प्रश्न केवळ मासेमारांचा नाही. बहरात मायक्रोसिस्टिस हा नीलहरित जीवाणू असल्यास यकृताला घातक विष तयार होऊ शकते आणि पाणी उकळूनही ते जात नाही.

किनाऱ्यावर बहराचे रूप वेगळे. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूपासून कोकणापर्यंत रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला गर्दी झाली. ती चमक नॉक्टिलुका या सूक्ष्मजीवाची. तो स्वतः विषारी नाही, पण दाट बहरात अमोनिया साचतो, प्राणवायू घटतो, मासळी दूर जाते आणि पारंपरिक मच्छीमाराचे जाळे रिकामे येते. शिंपल्यांचा धोका याहून मोठा आहे. तिसऱ्या, कालवे पाणी गाळून खातात, त्यामुळे विषारी शैवालांचे विष त्यांच्या अंगात साठते. शिजवूनही ते उरते. केरळात विळिंजम येथे १९९७ मध्ये असे शिंपले खाऊन सात जण दगावले.

औषध टाकून शैवाल मारणे हा उपाय नव्हे. पेशी फुटून विष एकदम पाण्यात उतरते. सांडपाण्यातले नत्र-स्फुरद शहरातच काढले पाहिजे. तोवर हिरवी साय धरलेल्या पाण्यावर गुरे सोडू नयेत आणि रंग बदललेल्या खाडीतल्या शिंपल्या खाऊ नयेत.