डेम्लो संख्या

नऊ एके शेजारी शेजारी मांडून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला, तर उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. एकापासून नवापर्यंत चढावे आणि त्याच पायऱ्यांनी पुन्हा एकापर्यंत उतरावे, अशी ही सतरा अंकी संख्या आहे. अशा वर्गांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ हे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर, त्यांना या संख्यांची कल्पना सुचली.

या अद्भुतामागे जादू नाही. पाटीवर हा गुणाकार मांडताना तीच ओळ एकेक घर सरकवून नऊ वेळा लिहावी लागते. मधल्या उभ्या रांगेत नऊ एके येतात, दोन्ही बाजूंना ते एकेकाने घटतात आणि हातचा कोठेच येत नाही. दहा एके घेताच मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि डौल मोडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. आपल्या सतरा अंकांची बेरीज ८१. त्या बेरजेने भागले असता बाकी उरत नाही, आणि भागाकार येतो तो १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे.

कापरेकर १९०५ साली डहाणूस जन्मले. फर्ग्युसन महाविद्यालयात असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांना लाभले नाही. १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळामास्तरकी केली. त्यांचे काम म्हणजे अंकांची करमणूक, असे मानून अनेक विद्वानांनी ते बाजूला सारले. पुष्कळसे लेखन त्यांना स्वतःच छापून काढावे लागले. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे त्यांची कीर्ती जगभर पसरली.

करमणूक म्हणावी, तर तिची परंपरा जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळी, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त २७९९४६८१ आणि ४४१ यांचा गुणाकार दिला आहे. उत्तर आहे १२३४५६५४३२१, म्हणजे सहा एक्यांचा वर्ग. मोत्यांचा हार मध्यावर भरत जावा, तसे ते अंक दिसतात. सम्राटाच्या राज्यातील आचार्याला ज्याचे कौतुक वाटले, तेच हजार वर्षांनी एका शाळामास्तराला, कोणाचाही आश्रय नसताना, नव्याने गवसले. संख्या आपले दार ठोठावणाऱ्याचा हुद्दा विचारीत नाही.