केशालंकार, जुने (पारख)

अंबाड्यात वा वेणीत खोवायच्या, किंवा भांगावर बांधायच्या जुन्या दागिन्यांची ओळख पटवणे. मूद, राखडी, केतक, चंद्रकोर, नाग, अग्रफूल, गोंडे हे महाराष्ट्रातील परिचित प्रकार. केशरचना बदलल्या तसे हे दागिने डब्यात गेले. काहींना पिन लावून त्यांचे ब्रोच झाले, काही पदक म्हणून साखळीत अडकले. म्हणून दागिना हाती येताच आधी उलटा करावा. नक्षी फसवते, पाठ सहसा फसवत नाही.

पाठीला आकडा किंवा मळसूत्र असेल, तर तो केसांत खोवायचा. कडेला दोऱ्यासाठी कड्या असतील, तर बांधायचा. मराठी राखडी गोल, डोक्याच्या मागच्या बाजूला बसणारी. राजस्थानी रखडी मात्र भांगातून कपाळावर येते. दक्षिणेतील राकोडीही मागेच, पण तिच्यात लाल केंपू खडे आणि बऱ्याचदा हंस किंवा मोर. केतक केवड्याच्या पातीसारखे लांबट असते. ब्रोचच्या पिनेभोवतीची झाळ वेगळ्या रंगाची दिसली, तर ती नंतरची जोड समजावी.

वर्षानुवर्षांच्या वापराने कडा गुळगुळीत होतात आणि नक्षीच्या खाचांत तेल-धुळीचा काळा थर बसतो. तो लगेच घासून काढू नये, कारण तोच एक पुरावा असतो. पोकळ दागिन्यात लाख भरलेली असल्यास गरम पाण्याने ती मऊ पडते. कुंदनकामात पाणी शिरले की खड्याखालचा चकाकता पत्रा काळवंडतो.

हॉलमार्कवर वय ठरवू नये. भारतीय मानक ब्यूरोची सोन्यासाठीची हॉलमार्क योजना 2000 सालची. पण जुन्या दागिन्यावरही तो नव्याने उमटवून घेता येतो. आणि छाप नाही एवढ्यावर विक्रेता ‘पेशवेकालीन’ म्हणाला, तर मान डोलवू नये.

कासवाच्या पाठीच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पिवळट-तपकिरी फण्या अनेकदा सेल्युलॉइडच्या निघतात. अंगठ्याने जोरात चोळल्यास त्यांना कापराचा वास येतो. तापलेल्या सुईची चाचणी टाळावी; सेल्युलॉइड चटकन पेट घेते. फणी खरोखरच समुद्री कासवाची ठरली, तर तिची खरेदी-विक्री वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली गुन्हा आहे.