हत्यारं कोण बसवतं?

टर्बो सी बसवायला अक्कल फारशी लागत नसे, धीर लागे. पहिली फ्लॉपी घाला, ड्राइव्हची घरघर ऐका, दुसरी घाला. मधेच एखाद्या फ्लॉपीवर ‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?’ असं पडद्यावर आलं की ती बाहेर काढायची, पत्र्याची पट्टी सरकवून आत फुंकर मारायची (याचा उपयोग होतो असं कुणी कधी सिद्ध केलेलं नाही) आणि परत आर दाबायचं. १९९६ च्या सुमारास पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मी लॅब असिस्टंट म्हणून लागले, तेव्हा माझा बराचसा दिवस यात जाई. सी शिकवायचं काम सरांचं. सी शिकवता येईल अशी मशीन उभी ठेवायचं काम माझं. प्रोग्रॅमिंगचा इतिहास लिहिणारे पहिल्या कामाबद्दल भरभरून लिहितात. दुसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मी बोलते.

टर्बो सी आमच्या कॉलेजांत एवढं का रुजलं, याचं कारण त्याच्या बसवण्यातच होतं. बोरलँड कंपनीने १९८३ मध्ये टर्बो पास्कल ४९.९५ डॉलरला विकायला काढलं आणि एडिटर, कंपायलर, चुका दाखवण्याची सोय असं सगळं एकाच पडद्यावर आणून ठेवलं. १९८७ मध्ये त्याच घाटाचं टर्बो सी आलं. एकदा बसलं की सगळा संसार टीसी नावाच्या एका फोल्डरमध्ये मावायचा. एका मशीनवर बसवा, तो फोल्डर बाकीच्यांवर कॉपी करा, लॅब तयार. फक्त सी ड्राइव्हवरचा फोल्डर कुणी डी ड्राइव्हवर नेला, की ‘अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल’ म्हणून कंपायलर अडून बसे. मग ऑप्शन्समध्ये जाऊन डिरेक्टरीजचा पत्ता बदलायचा. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत हा पत्ता ठाऊक नसलेली हुशार मुलं रडकुंडीला येत आणि ठाऊक असलेली बेताची मुलं वर्गात भाव खात.

आमची ओळख झाली ती या फोल्डरवाल्या घराण्याशी. दुसरं घराणं युनिक्सचं, वयाने मोठं आणि स्वभावाने जरा तिरसट. तिथे एका पडद्यावर सगळं मिळत नसे. एडिटर वेगळा, कंपायलर वेगळा, लिंकर वेगळा, आणि हे सगळं कोऱ्या काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालवायचं. नवं टूल यायचं ते टेपवरून. टेपवर फायली एकत्र बांधण्यासाठी युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आलेला टार हा प्रोग्रॅम आजही आपण डाउनलोड केलेल्या गठ्ठ्यांच्या नावात डोकावतो. रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स या एडिटरची टेप १५० डॉलरला पाठवत. सॉफ्टवेअर मुक्त होतं, पण ते हवं त्याच्यापर्यंत पोचवायला टेप आणि टपाल लागतच होतं.

टेपवरून उतरायचा तो बहुतेक वेळा सोर्स कोड. त्याचं चालतं टूल तुम्ही स्वतः बनवायचं. या बनवण्याच्या मुळाशी असलेलं मेक नावाचं टूल स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. निमित्त झालं सहकाऱ्याच्या वैतागाचं. स्टीव्ह जॉन्सन यांनी अख्खी सकाळ एका चुकीमागे घालवली होती. चूक प्रत्यक्षात दुरुस्त झालेली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. फेल्डमन यांनी त्याच शनिवार-रविवारी मेक लिहून काढलं. त्यात हुकमाच्या ओळीआधी टॅब हवाच, स्पेस दिली तर चालत नाही, असा एक विचित्र नियम राहून गेला. तो बदलावा असं त्यांना लवकरच वाटलं होतं, पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरू लागले होते. त्यांची कामं मोडू नयेत म्हणून त्यांनी टॅब तसाच ठेवला. त्या डझनभर मित्रांपायी जगभरच्या विद्यार्थ्यांनी टॅब आणि स्पेस यांत डोळे फोडून घेतलेत, माझ्या लॅबमधल्याही.

पुढची अडचण अशी की प्रत्येक कंपनीचं युनिक्स थोडं थोडं वेगळं. एकाकडे असलेलं फंक्शन दुसऱ्याकडे नाही. लॅरी वॉल यांनी यावर कन्फिगर नावाची स्क्रिप्ट लिहिण्याची वाट पाडली. ती मशीन तपासायची आणि जिथे अडेल तिथे माणसाला प्रश्न विचारायची. त्यांच्याच पर्ल या भाषेसोबत येणारी ती स्क्रिप्ट गप्पिष्ट होती. तुमचं मशीन युनिस नावाच्या नकली युनिक्सवर चालत नाही असं दिसलं, की ती तुमचं अभिनंदन करायची. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी यांनी स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पाच्या कामासाठी, अशा कन्फिगर स्क्रिप्ट आपोआप बनवणारं ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं आणि प्रश्न विचारणं थांबलं. आता कन्फिगर काहीच विचारत नाही. ‘चेकिंग फॉर जीसीसी... येस’ (जीसीसी म्हणजे ग्नूचा सी कंपायलर) अशा शेकडो ओळी वर सरकत राहतात आणि आपण तोवर चहा घेऊन येतो. या सरकणाऱ्या ओळी लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

हे सगळं माझ्या टेबलावर आलं ते सीडीवरून. व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं होतं खरं, पण टेलिफोनच्या तारेवरून कंपायलर उतरवायचा म्हणजे रात्र जागायची, आणि पहाटे लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. त्यामानाने पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणारी लिनक्सची, म्हणजे युनिक्सच्याच घाटाच्या मुक्त व्यवस्थेची, सीडी म्हणजे चैन. अंक आला की सीडी माझ्या कपाटात आणि अंक स्टाफरूममध्ये, अशी वाटणी ठरलेली.

त्या काळातलं स्लॅकवेअर मला अजूनही आवडतं. पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी १९९३ मध्ये काढलेलं हे लिनक्स फ्लॉपीच्या हिशेबानेच रचलेलं होतं. ए म्हणजे मूळ व्यवस्था, एन म्हणजे नेटवर्क, डी म्हणजे डेव्हलपमेंट. जीसीसी, मेक आणि त्यांची भावंडं डी मालिकेत. एका टूलला दुसरं लागतं का, हे ते तपासत नसे आणि त्याचं स्वतःचं पॅकेज टूल आजही तपासत नाही. ते तुम्हाला माहीत असावं अशी त्याची अपेक्षा. डी मालिका घ्यायला विसरलात, तर लिनक्स झकास चालू होई आणि कन्फिगर म्हटल्यावर कंपायलरच सापडत नाही म्हणून थांबे. रागावणार कुणावर?

रेड हॅटने १९९५ मध्ये आरपीएम आणलं, तेव्हा प्रत्येक पॅकेज आपल्याला काय काय लागतं ते सांगू लागलं. सांगू लागलं एवढंच. ते आणून देणं तुमच्याकडे. जीसीसी बसवायला जावं तर ‘फेल्ड डिपेंडन्सीज’ म्हणून यादी समोर. यादीतलं पहिलं शोधून आणावं तर त्याची आणखी वेगळी यादी. दुसऱ्या आवृत्तीची सीडी घातली की लायब्ररी जुळेना. शेवटी संध्याकाळी बस चुकायच्या भीतीने नोडेप्स, म्हणजे काय लागतं ते तपासू नकोस, असं जोडून हुकूम द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी काय होईल ते बघायचं, ही रीत अनेक लॅबमध्ये होती. मी तिची भलामण करणार नाही, पण ज्यांनी ती केली त्यांना हसणारही नाही.

यातून सोडवलं डेबियनने. इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये या लिनक्सची घोषणा केली. मार्च १९९९ च्या २.१ आवृत्तीत ॲप्ट आलं, आणि काय लागतं ते सांगणारा आणि ते आणून देणारा एक झाला. एक नाव टाइप करायचं, बाकीची मालिका ॲप्ट स्वतः लावतं, योग्य क्रमाने उतरवतं, बसवतं. आमच्याकडे नेट पुरेसं नव्हतं, तर ॲप्टला सीडीचीही ओळख करून देता यायची. जुलै २००२ ची ३.० आवृत्ती सात सीडींची होती. एकेक आत घालून ओळख करून दिली की पुढे तेच मागायचं, ‘आता अमुक नंबरची घाला’. फ्लॉपीच्या दिवसांची आठवण यावी असं हे काम, पण आता कुठली घालायची ते मला ठरवावं लागत नव्हतं.

माझ्या धंद्याच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना कुठली असं कुणी विचारलं तर मी ॲप्टचं नाव घेईन. मात्र ॲप्ट हा प्रोग्रॅम त्यात अर्धाच. उरलेला अर्धा म्हणजे डेबियनची माणसं. प्रत्येक पॅकेजमागे सांभाळणारा कुणीतरी नावानिशी असतो. तो मूळ लेखकाचा कोड घेतो, डेबियनच्या नियमांत बसवतो, काय लागतं ते लिहितो, तक्रारी निस्तरतो. बहुतेक जण हे पगाराविना करतात. माझं डोकेफोडीचं काम संपलं नव्हतं. ते मी कधीही न पाहिलेल्या हजारभर माणसांनी अंगावर घेतलं होतं, आणि एकदाच, सगळ्यांसाठी.

मॅकचा किस्सा याच कुळातला. २००१ च्या मार्चमध्ये मॅक ओएस टेन आलं, त्याच्या खोक्यात डेव्हलपर टूल्सची वेगळी सीडी होती. खाली युनिक्स, तेव्हा बाकीची टूल्स आणायला लोकांनी जुनीच माणसं आणि जुनीच तंत्रं गाठली. फिंक या प्रकल्पाने डेबियनचं ॲप्टच मॅकवर नेलं. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या भावंडाची पोर्ट्स नावाची टूल बसवायची पद्धत सुरू करणारे जॉर्डन हबर्ड ॲपलमध्ये गेले, आणि २००२ मध्ये तिथून डार्विनपोर्ट्स निघालं, आजचं मॅकपोर्ट्स. २००९ मध्ये मॅक्स हॉवेल यांनी रुबी भाषेत होमब्रू लिहिलं आणि बाकीचे दोघे मागे पडले. ॲपलचं स्वतःचं प्रकरण मात्र जड. कमांड लाइनवर नुसता कंपायलर हवा असला तरी काही गिगाबाइटचं एक्सकोड उतरवावं लागे. कमांड लाइन टूल्सचा वेगळा, आटोपशीर गठ्ठा २०१२ मध्ये मिळाला. पुढच्या वर्षी तर एक्सकोड-सिलेक्ट, दोन आडव्या रेघा, इन्स्टॉल, एवढ्यावर काम भागू लागलं. वसतिगृहाच्या वायफायवर जगणाऱ्या मुलांना याचं मोल विचारा.

विंडोजवाल्यांना मात्र सगळ्यात जास्त थांबावं लागलं. सिग्नस कंपनीने १९९५ मध्ये विंडोजवर युनिक्सची टूल्स आणणारं सिगविन सुरू केलं होतं, पण त्याच्या सेटअपमध्ये कंपायलर आपोआप निवडलेला नसे. डेव्हल नावाचा गट उघडून खूण करावी लागे. दरवर्षी निम्मा वर्ग नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करून येई आणि ‘मॅडम, जीसीसी नाहीये’ म्हणे. दुसरा निम्मा पाथ लिहायला विसरलेला असे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या पोटातच लिनक्स चालेल अशी सोय जाहीर केली, २०२० मध्ये विनगेट हे स्वतःचं पॅकेज टूल. ज्यांच्या विरोधात लिनक्सवाल्यांची एक पिढी भांडली, त्यांच्याच मशीनवर माझी मुलं आता ॲप्ट चालवतात. मला यात गंमत वाटते, आणि सोयही.

आता त्या सरकणाऱ्या ओळींकडे येऊ. केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये छापलेल्या ट्यूरिंग व्याख्यानात दाखवलं होतं की कंपायलरमध्येच चोरवाट लपवली तर सोर्स कोड कितीही वाचा, ती दिसणार नाही. वर्गात हे व्याख्यान सांगितलं की मुलांना ते कोडं वाटे. २९ मार्च २०२४ ला ते कोडं राहिलं नाही. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या मशीनवर एसएसएचने लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो शोधत गेला तो एक्सझेड या फायली दाबून लहान करणाऱ्या टूलपर्यंत पोचला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट बसवली होती. हे करणारा जिया टॅन या नावाने वावरत होता. त्याने दोन वर्षांहून जास्त काळ मनापासून मदत केल्यासारखं दाखवून, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. चोरवाट जागी करणारा तुकडा प्रकल्पाच्या उघड कोडात नव्हता. तो फक्त टारच्या गठ्ठ्यात होता आणि चालायचा तो कन्फिगरच्या वेळी, आपण चहाला गेलेलो असताना. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो पोचण्याआधी सापडला. मूळ सांभाळकर्ते लासे कोलिन यांनी सगळं साफ करून २९ मे २०२४ ला ५.६.२ आवृत्ती दिली.

आजची मुलं एका वेबपानावरून एक ओळ उचलतात, टर्मिनलमध्ये टाकतात आणि एंटर मारतात. त्या ओळीत कर्ल एक स्क्रिप्ट आणतं आणि बॅश ती न दाखवता चालवतं. होमब्रूही असंच बसतं. यात वाईट काही नाही, फक्त ती स्क्रिप्ट साधी वाचण्याजोगी फाइल आहे आणि चालवण्याआधी ती उतरवून उघडता येते, हे मुलांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे. दुसऱ्या वर्षाला एक प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्यात ॲप्ट, ब्रू, विनगेट काही वापरायचं नाही. ग्नूचं हॅलो नावाचं छोटं पॅकेज याच शिकवणीसाठी ठेवलेलं आहे. त्याचा गठ्ठा उतरवायचा, सही तपासायची, सोडायचा, कन्फिगर करायचा, मेक करायचं, आणि कन्फिगरच्या ओळी वर सरकत असताना कुणालाही जागेवरून उठू द्यायचं नाही. दोन तासांच्या बॅचमध्ये आरामात होतं.