पुसतां येणारा लेख

अंबरनाथच्या शिवालयांतील शके ९८२ चा शिलालेख एकदां कोरला, तो कोरला. यंत्रानें केव्हां काय करावें हा तर्क १९७८ सालच्या ‘पॅल’ चिपमध्येंही सूक्ष्म फ्यूज जाळून असाच एकदां बसवावा लागे. १९८५ मध्यें रॉस फ्रीमन व सहकारी यांच्या झायलिंक्स कंपनीनें ‘एक्ससी२०६४’ काढली. तिच्या ६४ तर्कखंडांची जुळणी वाटेल तितक्या वेळां बदलतां येई. वीज जातांच मात्र ती पुसली जाई, म्हणून तिची प्रत शेजारच्या चिपमध्यें ठेवीत. आतां ‘एक्ससी२०६४’ निघत नाहीं, आणि ती प्रत नव्या पिढीच्या चिपला वाचतां येत नाहीं. आमच्या अंबरनाथ-बदलापुराकडील कारखानदारांनीं जुनें यंत्र घेतांना मूळ आराखडाही मागून घ्यावा; तो नसला, तर बहुधा यंत्राच्या चालीवरून सारा तर्क नव्यानें ताडावा लागतो.