तात्यांचे पाच कप

मंडळी, आज जरा एक जुनी चूक कबूल करायची आहे. घरच्या लोकांना ती ठाऊक आहे, पण कुणी बोलत नाही. मीही इतकी वर्षं बोललो नाही.

निमित्त झालं सिनेमाचं. 2024 साली ‘मैदान’ नावाचा हिंदी सिनेमा आला. हैदराबादचे फुटबॉल प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा. थिएटरात जायचं राहून गेलं, मग पुढे महाडच्या घरी टीव्हीवर सगळ्यांनी मिळून पाहिला. अजय देवगणला बघत भाकऱ्या थापणारी काकू मध्येच हात थांबवून म्हणाली, “अरे, हा तर तात्यांचा मास्तर!”

घरात एकदम शांतता. मी तर पुढचा सिनेमा नीट पाहिलाच नाही.

तात्या म्हणजे माझे आजोबा. आमचं मूळ गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या वाटेवर. भात आणि नाचणी एवढंच पिकायचं, आणि तेही दिवाळीपर्यंत पुरलं तर पुरलं. त्यामुळे मिसरूड फुटली की मुलगा मुंबईला, ही त्या काळची रीतच. तात्या 1949 साली गेले, सतरा वर्षांचे असताना. लालबागला गावकऱ्यांची एक खोली होती. तिथे पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. बदली कामगार. कुणी कायमचा माणूस आला नाही तर आत, नाहीतर दिवस रिकामा.

अशाच एका रिकाम्या दिवशी ते खोलीतल्या एका सोबत्याबरोबर कूपरेजला गेले. ट्रामचे पैसे वाचवायला लालबागपासून चालत. तिथे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल पाहिला, आणि मग दर वर्षी रोव्हर्स कप आला की जमेल तेव्हा जात राहिले.

म्हातारपणी गावाला आल्यावर ओटीवर बसून ते हे सगळं सांगायचे. त्यांच्या गोष्टीतली वाक्यं ठरलेली होती. “पोलिसांनी पाच वर्षं कप सोडला नाही.” “त्यांना एक मास्तर शिकवायचा, शाळेतला मास्तर.” “तो त्यांना नुसत्या डाव्या पायानं खेळायला लावायचा.” आणि शेवटी, “आपली पोरं अनवाणी, म्हणून ब्राझीलला गेली नाहीत.”

1988 साली मी दहावीत होतो. घरी पाहुणे बसलेले. तात्यांनी गोष्ट सुरू केली आणि मी, नव्यानेच शहाणा झालेला, सगळ्यांसमोर म्हणालो, “तात्या, पोलिसांना मास्तर कशाला शिकवेल? आणि पाच वर्षं लागोपाठ कोण जिंकतं? काहीतरी फेकू नका.” पाहुणे हसले. तात्याही हसले. पण त्यानंतर त्यांनी ती गोष्ट माझ्यासमोर कधीच सांगितली नाही. 1999 साली ते गेले.

सिनेमा पाहिला त्या रात्री मी ठरवलं, तात्यांचं एकेक वाक्य तपासायचं. हा सगळा त्या तपासाचा हिशोब.

आधी कपाबद्दल. रोव्हर्स कप 1891 साली मुंबईत सुरू झाला. ड्युरंड 1888 चा, कलकत्त्याची आयएफए शील्ड 1893 ची, आणि हा त्या दोघांच्या मधला. देशातल्या तीन जुन्या मानाच्या स्पर्धांपैकी एक. पहिला विजेता गोऱ्यांच्या फौजेतली वूस्टरशायर रेजिमेंट, आणि पुढची कित्येक वर्षं कप या पलटणीकडून त्या पलटणीकडे फिरत राहिला. 1923 साली मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीने त्यांना हरवलं. भारतीय संघाने कप पहिल्यांदा उचलला तो 1937 साली. तो संघ बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षी, 1938 लाही तेच जिंकले. तात्या मुंबईत उतरले तेव्हा गोऱ्या पलटणींचे दिवस संपलेले होते.

आता पहिलं वाक्य. “पोलिसांनी पाच वर्षं कप सोडला नाही.” खरं आहे. अक्षरशः खरं. 1950, 51, 52, 53 आणि 54, अशी पाच वर्षं लागोपाठ रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांनी जिंकला. 1955 साली मोहन बागानने ती माळ तोडली. आम्ही घरात ‘पोलीस’ म्हणजे मुंबई पोलीस समजायचो, आणि मुंबई पोलिसांचं असं काही कुणी ऐकलेलं नव्हतं, म्हणून सगळी गोष्टच खोटी ठरवून मोकळे.

पाच वर्षं लागोपाठ म्हणजे काय, हे समजायला स्पर्धेची पद्धत लक्षात घ्यायला हवी. ही बाद पद्धतीची स्पर्धा. एक सामना हरलात की घरी. बरोबरी झाली तर पुन्हा खेळा, पण हरलात की संपलं. समजा, कप जिंकायला चार सामने जिंकावे लागतात आणि तुमचा संघ इतका तगडा आहे की दहापैकी नऊ सामने तो जिंकणारच. तरीसुद्धा पाच वर्षांचे वीसच्या वीस सामने जिंकण्याची शक्यता आठात एक एवढीच उरते. मी कॅलक्युलेटरवर करून पाहिलं. तात्या हेच त्यांच्या भाषेत सांगायचे, ते मला तेव्हा कळलं नाही. ते म्हणायचे, “कबड्डीत मेलेला गडी उठतो रे. इथं मेला तो मेला.” कबड्डी हा आमच्या रायगडातल्या गावागावाचा खेळ. तिथे बाद झालेला गडी आपल्या माणसाने समोरचा गडी मारला की परत आत येतो. तात्यांना फुटबॉलचं पहिलं आश्चर्य वाटलं असेल ते हे.

दुसरं वाक्य मास्तरचं. हेही खरं! सय्यद अब्दुल रहीम उस्मानिया विद्यापीठात शिकलेले आणि व्यवसायाने शिक्षक. हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला तो त्यांनी. 1951 च्या दिल्लीतल्या पहिल्या एशियाडमध्ये भारताने इराणला 1-0 ने हरवून सुवर्णपदक मिळवलं, तेव्हा प्रशिक्षक तेच. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला तेव्हाही तेच, आणि 1962 ला जकार्त्याला पुन्हा सुवर्णपदक मिळालं तेव्हाही तेच. त्यानंतर वर्षभरात, 1963 साली, कर्करोगाने ते गेले. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या मैदानांवर खेळणारा, मूळचा गोव्याचा. पण पाया हैदराबादचा होता. नूर मोहम्मद आणि अझीझुद्दीन हे सिटी पोलिसांचे खेळाडू ऑलिंपिकपर्यंत गेले.

तिसरं वाक्य, डाव्या पायाचं. रहीमसाहेब पोरांसाठी चमत्कारिक स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत फक्त कमजोर पायाने खेळायचं. दुसरी फक्त बुटक्या मुलांसाठी. उजवा पाय आपोआप तयार होतो, डावा तयार करावा लागतो, हे त्यामागचं साधं मास्तरी शहाणपण. तात्यांपर्यंत ही गोष्ट कशी पोहोचली कोण जाणे. कूपरेजच्या कडेला उभ्या असलेल्या गर्दीत असलं बरंच काही कानावर येत असणार.

चौथ्या वाक्यात मात्र तात्या चुकले, आणि त्यांच्याबरोबर अख्खा देश चुकला. 1950 च्या वर्ल्ड कपला ब्राझीलला भारत गेला नाही तो अनवाणी खेळू देत नव्हते म्हणून, ही दंतकथा. त्या संघाचा कर्णधार होणार होता तो शैलेन मन्ना, आणि त्यानेही पुढे हे कारण नाकारलं. खरी कारणं रुक्ष आहेत. लांबचा बोटीचा प्रवास, तयारीला वेळ नाही, आणि आपल्या फुटबॉल संघटनेला तेव्हा वर्ल्ड कपपेक्षा ऑलिंपिक मोठं वाटत होतं. पण अनवाणी खेळणं खोटं नव्हतं. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणीच होते. 1952 ला हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला, तेव्हा कुठे बूट सक्तीचे झाले. स्वतः अनवाणी घाट उतरलेल्या माणसाला ही दंतकथा पटली, यात नवल नाही.

तपासात एक गोष्ट अशी सापडली की जी तात्यांनी फक्त काकूला सांगितली होती. त्यांच्या खात्यात नांदेडकडचा एक माणूस होता. पहिल्या वर्षी तात्यांनी त्याला कूपरेजला चल म्हटलं, तर तो म्हणाला, “निजामाच्या पोलिसांना टाळ्या वाजवायला मी येऊ?” वर्ष 1950 होतं, हे लक्षात घ्या. हैदराबाद संस्थान भारतात आलं ते 17 सप्टेंबर 1948 ला. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या संस्थानात. रझाकारांच्या आठवणी ताज्या होत्या, आणि फौजेच्या कारवाईला लोक ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत होते. अशा वेळी मुंबईच्या मैदानात ‘हैदराबाद पोलीस’ हे नाव त्या माणसाच्या कानाला कसं लागलं असेल? तात्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते मुकाट एकटे गेले. चौथ्या वर्षी तो माणूस स्वतःहून म्हणाला, “चल, बघू तुझे पोलीस.” सामना पाहिला, परत येताना काही बोलला नाही. खोलीजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, “पोरं चांगली खेळली.”

पुढे 1956 साली भाषेप्रमाणे हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा आपल्याकडे आला आणि नंतर त्या पोलिसांचा संघ आंध्र पोलीस झाला.

एक प्रश्न मात्र मला छळत राहिला. पोलादपूरच्या पोराला हैदराबादच्या संघाचं इतकं वेड का? मुंबईचे संघ का नाहीत? माझा अंदाज सांगतो. त्या काळी फुटबॉलपटू खेळाच्या जोरावर नोकरीला लागत. पोलीस, रेल्वे, तेल कंपन्या, टाटा, गिरण्या, सगळ्यांचे संघ होते. खेळाडूचं नाव हजेरीपटावर असायचं. तात्या बदली कामगार, रोज सकाळी ‘आज आत की बाहेर’ हा त्यांचा स्वतःचा बाद पद्धतीचा सामना. आणि समोर अकरा साधे शिपाई दर वर्षी येत, दर वर्षी आत राहत. पाच वर्षं त्यांना कुणी बाहेर काढू शकलं नाही. तात्या कायम झाले ते 1955 साली. त्याच वर्षी पोलीस हरले. या योगायोगाबद्दल ते काही म्हणाले असते का, ते विचारायचं राहिलंच.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप कुणी अधिकृतपणे मागे घेतलाच नाही. तात्या एक ट्रंक आणि वळकटी घेऊन पोलादपूरला उतरले, ते कायमचेच.

रोव्हर्स कपही फार टिकला नाही. 1996 साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, मोठ्या संघांची वर्षाची आखणी बदलली, आणि 2000-01 चा हंगाम कपाचा शेवटचा ठरला. शेवटचा विजेता मोहन बागान. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने 2003 आणि 2005 साली फेडरेशन कप जिंकून दाखवला, पण 2010 साली तो संघही बंद झाला. आणि 2017 नंतर फेडरेशन कपसुद्धा. एकशे दहा वर्षांची स्पर्धा गेली, तर आमच्याकडे कुणाला पत्ताही लागला नाही. आता कूपरेजच्या बाजूने जाताना टॅक्सीवाल्याला विचारून बघा, रोव्हर्स कप म्हणजे काय.

असो. हिशोब असा लागला की चार वाक्यांपैकी तीन पूर्ण खरी, आणि चौथं साऱ्या देशाने खरं मानलेलं. दहावीतल्या पोराकडे एकही पुरावा नव्हता, नुसता आवाज होता.

गेल्या पावसाळ्यात गावाला गेलो होतो. ओटी तशीच आहे, झोपाळ्याच्या कड्या गंजल्यात. माझ्या पुतण्याला शेजारी बसवलं आणि सांगितलं, “पोलिसांनी पाच वर्षं कप सोडला नाही.” तो मोबाईलमधून मान वर करून म्हणाला, “कायतरीच काय, काका!”

मी हसलो, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.