नँड गेटची सार्वत्रिकता : तर्कशास्त्रीय सिद्धांत आणि तांत्रिक निवड

प्रस्तावना :
इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवी अभ्यासक्रमात नँड गेटला ‘सार्वत्रिक गेट’ म्हटले जाते. दोन्ही इनपुट १ असतील तरच आउटपुट ०, अन्यथा १, एवढाच त्याचा नियम. एवढ्या एका गेटपासून कोणताही तर्क-परिपथ उभारता येतो. याचे श्रेय हेन्री शेफर यांना देऊन विषय बहुधा तेथेच संपविला जातो. परंतु तर्कशास्त्रातील सिद्धांत आणि कारखान्यात तयार होणारी वस्तू यांचे नाते इतके सरळ आहे काय, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

तर्कशास्त्रातील काटकसर :
‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ या तिन्ही क्रिया एकाच क्रियेतून निष्पन्न होतात, हे अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी १८८० च्या सुमारास लिहून ठेवले होते. ते हस्तलिखित त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेच नाही. पर्स १९१४ मध्ये निवर्तले आणि ते लेखन छापून आले १९३३ मध्ये. दरम्यान १९१३ मध्ये शेफर यांनी स्वतंत्रपणे तेच प्रतिपादन केले होते. येथे एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. शेफर यांच्या मुख्य मांडणीतील रेघ ‘हेही नाही आणि तेही नाही’ या अर्थाची, म्हणजे नॉरची होती. नँडचा उल्लेख केवळ तळटीपेत आहे. रेघेला नँडचा अर्थ दिला तो जाँ निको यांनी १९१७ मध्ये. तर्कशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही क्रिया समान समर्थ आहेत. मग व्यवहारात निवड कोणी केली?

पदार्थाचा कौल :
नँडपासून ‘नाही’ साधण्यास १ गेट लागते, ‘आणि’साठी २, ‘किंवा’साठी ३, एक्स-ऑरसाठी ४ आणि हातच्यासह एका अंकाची बेरीज करणाऱ्या परिपथास ९. प्रकार वाचतात, संख्या वाढते. विविधता संख्येपेक्षा महाग असेल तरच हा सौदा परवडतो.

अपोलो यानाच्या संगणकाबाबत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेने नेमका हाच हिशेब केला. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे २,८०० चिप होत्या व प्रत्येकीत तीन इनपुटची दोन गेट. एकच भाग मोठ्या संख्येने घ्यायचा, त्याच कसोट्यांवर पारखायचा. सदोष माल मग लपत नाही. मात्र ती गेट नँड नव्हती, नॉर होती. कारण रोध व ट्रान्झिस्टर यांच्या त्या रचनेत ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले असतात आणि त्यांपैकी कोणताही एक वाहू लागला की आउटपुट खाली येते. नॉर तेथे आपोआपच मिळते.

१९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ७४०० ही मालिका आणली. तिच्यातील अनेक उत्सर्जक असलेला ट्रान्झिस्टर सहजी नँड देतो. मालिकेचा पहिला क्रमांकच १४ पिनांच्या चिपमधील चार नँड गेटना मिळाला. आपल्या प्रयोगशाळांतील विद्यार्थ्यांच्या हाती पडते ती हीच चिप. पुढे सीमॉस तंत्रातही पारडे नँडकडेच झुकले. नँडमध्ये एकापुढे एक जोडलेले ट्रान्झिस्टर इलेक्ट्रॉनांवर चालतात, नॉरमध्ये होलांवर. आणि सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन अधिक चपळ असतात. शिवाय दोन इनपुटच्या नँडला ४ ट्रान्झिस्टर पुरतात, तर ‘आणि’ला ६, कारण तेथे नँडपुढे आणखी एक ‘नाही’ जोडावा लागतो.