‘साहाय्यक’ ठरवले गेलेले प्रथिन

एच.आय.व्ही. या विषाणूची जनुके अवघी नऊ. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तो वेगळा करण्यात आला आणि दोन वर्षांत त्याच्या जनुकसंचाची नऊ हजारांहून अधिक अक्षरे वाचूनही झाली. त्यांतील पाच जनुकांवाचून विषाणूची वाढ होत नाही. उरलेल्या चारांपैकी (व्हिफ, व्हीपीआर, व्हीपीयू, नेफ) एखादे काढून टाकले, तरी प्रयोगशाळेतील काही पेशींत तो खुशाल वाढत असे. म्हणून त्यांच्या प्रथिनांना ‘साहाय्यक’ म्हणण्याची पद्धत पडली. पण एवढ्याशा विषाणूने बिनकामाचे ओझे कशाला वाहावे?

व्हिफचेच पाहा. व्हिफविना तयार झालेले विषाणूकण नव्या पेशींना फारशी लागण करू शकत नाहीत, हे १९८७ सालीच दिसले होते. घोटाळा असा, की हे पेशींवर अवलंबून होते. ‘सीईएम’ या पेशींत व्हिफ हवेच. त्यांच्याच वंशातील ‘सीईएम-एसएस’ पेशींत नसले तरी चाले. माणसाच्या रक्तातील टी-पेशी पहिल्या गटातल्या. मग दुसऱ्या गटात व्हिफचे काम करणारे काही आहे, की पहिल्या गटात विषाणूला अडवणारे?

१९९८ साली दोन संशोधक गटांनी सोपी युक्ती केली. दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत विलीन केल्या. मदतनीस असता, तर अशा जोडपेशीत व्हिफविना भागले असते. भागले नाही. म्हणजे अडवणाराच होता! (बारावीच्या वर्गात निष्कर्ष न सांगता एवढाच प्रयोग फळ्यावर मांडून पाहावा.)

२००२ मध्ये ॲन शीही, मायकेल मॅलिम व सहकाऱ्यांनी दोन्ही पेशींत चालू असलेल्या जनुकांची चक्क वजाबाकी केली. हाती आले ते ‘एपोबेक-३जी’ नावाचे प्रथिन. वर्षभरात त्याची रीतही कळली. ते नव्या विषाणूकणात शिरून बसते आणि पुढच्या पेशीत आर.एन.ए.वरून डी.एन.ए. घडत असताना सायटोसीनचे युरॅसिल करून टाकते. मजकुरात इतक्या चुका होतात, की तो निकामी होतो. व्हिफ या शत्रूला कणात शिरण्याआधीच पकडते आणि पेशीच्याच प्रथिने मोडीत काढणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करते. सीईएम-एसएस पेशींत हा शत्रूच नव्हता. ‘साहाय्यक’ हे नाव माझ्या मते विषाणूचे वर्णन नव्हेच. ते आपण निवडलेल्या पेशींचे आहे.

आफ्रिकेतील हिरव्या माकडांच्या एपोबेक-३जीला मात्र एच.आय.व्ही.चे व्हिफ पकडू शकत नाही. २००४ साली त्याचे कारण सापडले. साखळीतील १२८व्या जागी माणसात ॲस्पार्टिक आम्ल असते, या माकडांत लायसीन. माणसाच्या प्रथिनात तेवढा एकच बदल केला, की तेही व्हिफच्या हातून निसटते.